दोर, ओंडके आणि रिकामे चौथरे

शनिवार, कैरो

इजिप्तला जाणारा मराठी प्रवासी सहसा गिझा, संग्रहालय, नाईलवरची बोट आणि लुक्सर अशा ठरलेल्या क्रमाने फिरतो. आमच्या प्रवासाचा क्रम मात्र काही जुन्या चित्रांनी ठरवला होता. एकोणिसाव्या शतकात या देशातून पुतळे, स्तंभ आणि एका मंदिराचे छतसुद्धा उचलून युरोपात नेले गेले. ते नेत असताना नेणाऱ्यांनी स्वतः किंवा त्यांच्या बरोबरच्या चित्रकारांनी चित्रे काढली आणि ती शिळाछापावर छापून विकलीही. तंत्रनिकेतनात अभियांत्रिकी आरेखन शिकवण्यात माझी नोकरीची वर्षे गेल्यामुळे या चित्रांतील दोर, डोलकाठ्या आणि ओंडके मला फार दिवस खुणावत होते. त्यांच्या मोठ्या आकाराच्या छापील प्रती एका नळीत घालून आम्ही उभयता निघालो. चित्रकार जेथे उभा राहिला तेथे उभे राहायचे आणि चित्रात काय आले, काय गाळले गेले, ते जागेशी ताडून पाहायचे, एवढाच बेत होता.

कैरोत केवळ मुक्काम होता. तरी दुपारी किल्ल्यावर जाऊन एकोणिसाव्या शतकातला इजिप्तचा सत्ताधीश मुहम्मद अली पाशा याच्या मशिदीच्या अंगणातील घड्याळाचा मनोरा पाहिला. लुक्सरच्या ओबेलिस्कच्या, म्हणजे एकाच दगडातून घडवलेल्या निमुळत्या चौकोनी स्तंभाच्या, बदल्यात फ्रान्सचा राजा लुई फिलिप याने हे घड्याळ पाठवले. ते बहुतेक काळ बंदच राहिले आणि या सौद्यावर इजिप्शियन लोक आजही चवीने बोलतात. रात्रीच्या गाडीने लुक्सरकडे निघालो.

रविवार, लुक्सर

लुक्सर मंदिराचे तोंड उत्तरेला आहे. स्फिंक्सच्या रांगेतून चालत दर्शनी भिंतीसमोर आले की डाव्या हाताला सुमारे २५ मीटर उंचीचा ओबेलिस्क उभा दिसतो. त्याच्या पायथ्याशी सूर्याला हात वर करून नमस्कार करणारे वानर कोरलेले आहेत. उजव्या हाताला फक्त चौथरा आहे. त्यावरचा स्तंभ, दुसरा रामसेस या फारोनेच उभारलेला, १८३६पासून पॅरिसच्या प्लास द ला काँकॉर्द या चौकात आहे. पहिल्या नजरेत जाणवते ती ही तोल गेलेली दर्शनी बाजू. पुतळे दोन्हीकडे, तट दोन्हीकडे आणि स्तंभ मात्र एकाच बाजूला.

दोहोंपैकी हा पश्चिमेकडचा आधी न्यावा, असा सल्ला चित्रलिपी उलगडणाऱ्या शांपोल्योंने दिला होता. १८२८–२९मध्ये तो इजिप्तमध्ये होता. स्तंभ पॅरिसला पोचलेला पाहणे त्याच्या नशिबी नव्हते, कारण १८३२मध्येच तो वारला. प्रत्यक्ष उतरवण्याचे काम आपोलिनेर लबा या नौदलाच्या अभियंत्याकडे आले. त्यासाठी ‘लुक्सर’ याच नावाचे सपाट तळाचे जहाज मुद्दाम बांधून घेतले गेले, कारण त्याला समुद्र, नाईल आणि सेन अशा तीन अगदी वेगळ्या पाण्यांतून जायचे होते. एप्रिल १८३१मध्ये तुलाँहून निघालेले हे जहाज ऑगस्टमध्ये येथे पोचले आणि पुराचे पाणी ओसरताच काठावरच्या वाळूत रुतून बसले. ते तसे बसावे अशीच योजना होती.

लबाने १८३९मध्ये या साऱ्या कामाचा सविस्तर ग्रंथ आकृत्यांसह प्रसिद्ध केला. त्यातील उतरवणीची आकृती मी चौथऱ्यासमोर उलगडली. फळ्यांच्या आवरणात गुंडाळलेला स्तंभ पायथ्याच्या एका कडेवर टेकून बिजागरीसारखा फिरतो, मागच्या बाजूला डोलकाठ्यांसारखे उभे वासे त्याला दोरांनी धरून ठेवतात आणि दोर हळूहळू सैल सोडत स्तंभाला उतारावर निजवले जाते. सुमारे २३० टनांचा दगड ओढण्यापेक्षा तो पडू न देणे अवघड, ही या कामातील खरी मेख. आकृतीतील प्रत्येक दोराला, प्रत्येक कप्पीला लबाने जो मान दिला आहे तो याच भानातून आलेला आहे. विद्यार्थ्यांपुढे नमुना म्हणून ठेवावी इतकी ही आकृती स्वच्छ आहे. स्तंभाच्या बुंध्याकडील भेगही त्याच्या नजरेतून सुटली नाही. ती प्राचीन कारागिरांनीच लाकडी खुंट्यांनी जखडून ठेवली होती, म्हणजे दगड चिरलेला असूनही रामसेसच्या माणसांनी तो उभा केला होता.

परंतु आकृतीतून मान वर करून पाहिले की प्रश्न पडू लागतात. आज चौथऱ्यापासून नाईलच्या काठापर्यंत मोकळे आवार आणि पलीकडे रस्ता आहे. १८३१मध्ये मंदिर निम्मेअधिक मातीत गाडलेले होते, त्यात आणि त्याभोवती गाव वसलेले होते, आणि स्तंभाला जहाजापर्यंत न्यायची वाट काढण्यासाठी मधली मातीची घरे विकत घेऊन पाडावी लागली. मंदिराच्या आत आजही उभ्या असलेल्या अबू हग्गाग मशिदीचे दार जमिनीपासून कितीतरी उंचावर अधांतरी दिसते. त्या काळची जमीन त्या उंबरठ्याशी होती. हे दार म्हणजे गाडल्या गेलेल्या मंदिराचे उत्तम मोजमाप आहे, आणि मार्गदर्शक ते दाखवतातही. घरे पाडल्याची हकीकत लबा आणि त्याचे सहकारी लिहितात. आकृतीत मात्र स्तंभ जणू मोकळ्या मैदानातून जहाजाकडे जातो. त्याच उन्हाळ्यात इजिप्तमध्ये पटकीची साथ आली आणि ती या छावणीतही शिरली. तिलाही कुठल्या आकृतीत जागा मिळणे शक्य नव्हते.

ऑक्टोबरअखेर स्तंभ आडवा झाला. जहाजाची नाळ, म्हणजे पुढचे टोक, करवतीने कापून बाजूला केली गेली, डिसेंबरमध्ये स्तंभ त्या भगदाडातून आत सरकवला गेला आणि नाळ पुन्हा जोडली गेली. पुढे पुराचे पाणी येईपर्यंत, म्हणजे ऑगस्ट १८३२पर्यंत, सगळी मंडळी जागीच अडकून पडली. पॅरिसला पोचायला १८३३चा डिसेंबर उजाडला आणि स्तंभ उभा राहिला तो २५ ऑक्टोबर १८३६ रोजी, प्रचंड गर्दीसमोर.

संध्याकाळी दिव्यांच्या प्रकाशात मंदिर पुन्हा पाहिले. पॅरिसमधल्या चौथऱ्याची छायाचित्रे माझ्याजवळ होती. स्तंभावर रामसेसची स्तुती आहे आणि त्याखालच्या ग्रॅनाइटवर सोनेरी रेषांत लबाचे वासे, दोर आणि उभे रहाट कोरलेले आहेत. यंत्राची आकृती हाच दागिना समजून भर चौकात मिरवणारे दुसरे स्मारक मला तरी ठाऊक नाही. राजाच्या स्तुतीखाली दोर कोरण्याची ही कल्पना मला आवडली, हे लिहून ठेवतो. पण ती वाखाणताना लुक्सरच्या चौथऱ्याकडे पाठ करावी लागते. दुसरा स्तंभही मुहम्मद अलीने फ्रान्सला देऊन टाकला होता. त्यावरचा हक्क फ्रान्सने राष्ट्राध्यक्ष मित्तराँ यांच्या काळात औपचारिकपणे सोडला.

सोमवार, पश्चिम तीर

आजचा सगळा दिवस रामेसियमसाठी, म्हणजे दुसऱ्या रामसेसच्या मंदिरासाठी, राखून ठेवला होता. बहुतेक सहली मेम्नॉनच्या दोन महापुतळ्यांशी छायाचित्रे काढून थेट राजांच्या दरीकडे वळतात, त्यामुळे सकाळी येथे आमच्याखेरीज जवळपास कोणी नव्हते.

ज्योव्हान्नी बेल्झोनी हा पादुआचा, साडेसहा फुटांचा माणूस. इंग्लंडमध्ये त्याने रंगमंचावर ताकदीचे खेळ केले होते, आणि पाणी उपसण्याचे यंत्र मुहम्मद अलीला विकायच्या आशेने तो इजिप्तला आला होता. यंत्राचा सौदा फिसकटला. तेव्हा ब्रिटिश वाणिज्यदूत हेन्री सॉल्ट आणि प्रवासी बुर्कहार्ट यांच्या सांगण्यावरून त्याने येथे पडलेला रामसेसचा अर्धपुतळा नाईलपर्यंत ओढत न्यायचे काम पत्करले. पुतळ्याचे वजन सव्वासात टनांच्या आसपास, आणि हाताशी चौदा वासे, खजुरीच्या झावळ्यांचे चार दोर आणि चार ओंडके; कप्पी एकही नाही. आठ वाशांची त्याने एक घसरगाडी बांधली. मजुरी दिवसाला ३० पारा (तेव्हाचे लहान तुर्की नाणे) ठरली. बायको सारासह त्याने या मंदिरातच दगड रचून खोपटे उभारले. पुतळा पहिल्यांदा पाहिला तेव्हाचे त्याचे वर्णन प्रसिद्ध आहे: तोंड वर करून पडलेला तो चेहरा इंग्लंडला जायचे या विचाराने आपल्याकडे पाहून हसतो आहे, असे त्याला वाटले. ते हसू मी ब्रिटिश म्युझियमच्या चित्रांत अनेकदा शोधले आहे आणि ते आहे हे खरे. पण त्याचे कारण बेल्झोनी सांगतो तेच असावे, असे मानायला पुरावा नाही.

१८२०मध्ये त्याने आपल्या कामाची रंगीत चित्रे प्रसिद्ध केली. पुतळ्याच्या ओढाईचे चित्र त्यांतले सर्वांत गाजलेले. घसरगाडीवर बांधलेला पुतळा, दोरांना लागलेल्या माणसांच्या लांब रांगा, हाकारणारे मुकादम. गावच्या रथोत्सवात रथाला लोक लागतात तसे हे दृश्य दिसते. चित्र उत्साही आहे, आणि ओढणाऱ्यांना त्याने गाळलेले नाही ही गोष्ट त्याच्या बाजूने नोंदली पाहिजे. लबाच्या आकृतीत बळ दोरात असते, येथे ते माणसांच्या पाठीत आहे. जवळून पाहिले मात्र की ही माणसे एकमेकांसारखीच दिसू लागतात. पुतळ्याच्या चेहऱ्यावर चित्रकाराने जितका वेळ घालवला आहे त्याचा शतांशही त्या रांगेतल्या एखाद्या चेहऱ्यावर घालवलेला नाही.

दुसऱ्या दिवशी पुतळा मंदिराबाहेर काढताना वाटेत दोन खांबांच्या बैठका आड येत होत्या, त्या त्याने फोडल्या. हे त्यानेच मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. मी हे वाचून दाखवताच सौ. म्हणाल्या, “अहो, मग चित्रात त्या फुटलेल्या बैठका कुठे आहेत?” आम्ही चित्र सावलीत एका पडक्या दगडावर अंथरून नीट पाहिले. पुतळा आधीच उघड्या जागेत आलेला आहे आणि मंदिर मागे राहिले आहे. ओढाईचा नेमका कोणता क्षण चितारायचा हे चित्रकार ठरवतो, आणि या चित्रकाराने वाट मोकळी झाल्यानंतरचा क्षण निवडला.

पुतळ्याच्या छातीत उजव्या बाजूला एक गोल भोक आहे. ते त्याआधीच्या, नेपोलियनच्या फ्रेंच मोहिमेतील लोकांनी पाडले असे मानले जाते. त्याच्या धडाचा उरलेला भाग येथेच मंदिराच्या आतल्या दाराशी आहे. जोडीच्या दुसऱ्या पुतळ्याचे काळ्या दगडाचे डोके तेथेच अंगणात ठेवलेले आहे आणि जवळच तो हजारभर टनांचा कोसळलेला महापुतळा. त्याला हलवायचा विचार कोणी केला नाही, एवढेच त्याचे संरक्षण.

परतताना मुद्दाम शेतांतून नदीकडे आलो. २७ जुलै १८१६ला सुरू झालेली ओढाई १२ ऑगस्टला काठाशी संपली. मध्येच जवळच्या आरमांत गावच्या कारभाऱ्याने मजुरांना कामावर जायची मनाई केली, बेल्झोनीने त्याच्याशी झटापट करून ती उठवून घेतली, आणि या गडबडीत पुराचे पाणी शेतांत शिरायची भीती डोक्यावर होतीच. आज त्या वाटेवर ऊस आणि कालवे आहेत, पूर धरणामुळे थांबला आहे, आणि सपाट वाटणाऱ्या त्या जमिनीवरून चालताना तो पंधरा-सोळा दिवसांचा हिशेब पायांना पटतो.

मंगळवार, देर अल-बहरी आणि राजांची दरी

आज धावती भेट. हतशेप्सुत राणीच्या मंदिराच्या खालच्या ओवरीत, दक्षिण बाजूला, एका प्रचंड तराफ्यावर एकामागे एक आडवे ठेवलेले दोन ओबेलिस्क आणि त्यांना ओढणाऱ्या होड्यांच्या रांगा कोरलेल्या आहेत. शिल्प फार झिजले आहे, पण आम्हांला ते महत्त्वाचे होते. दगड हलवल्याची चित्रे काढायची हौस बेल्झोनीच्या आधी तीन हजारांहून अधिक वर्षे येथल्यांनाही होती. फरक एवढाच, की हे स्तंभ अस्वानच्या खाणीतून कर्नाकच्या देवळात जात होते.

रामसेसचा बाप पहिला सेती याच्या थडग्याचे वेगळे आणि महागडे तिकीट काढले. १८१७मध्ये ते बेल्झोनीनेच उघडले, आणि त्यातली अर्धपारदर्शक दगडाची शवपेटी आज लंडनला सर जॉन सोन यांच्या संग्रहालयात आहे. भिंतींची चित्रे त्याने आणि अलेस्सांद्रो रिच्ची या तरुण वैद्याने उतरवून घेतली. ओले ठसे घेताना रंग निघून गेले, तरी त्यानंतर बिघडलेल्या कित्येक भागांसाठी त्या नकलाच आज आधार आहेत. १८२९मध्ये येथील एका दाराच्या दोन बाजूंवरची शिल्पे शांपोल्यों आणि त्याचा इटालियन सहकारी रोसेल्लिनी यांनी कापून नेली. एक पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहे, दुसरे फ्लॉरेन्समध्ये. लिपी वाचता येणारा पहिला माणूसही करवत घेऊन आला, याचे मला बेल्झोनीपेक्षा अधिक वाईट वाटते.

बुधवार, दंदेरा

लुक्सरपासून उत्तरेला केनाच्या समोर, नाईलच्या पश्चिम तीरावर हाथोर देवीचे मंदिर आहे. छतावरच्या एका लहान खोलीत आपण मान वर करून काळपट राशिचक्र पाहतो. ती प्रतिकृती आहे, मूळ लूव्हरमध्ये.

या प्रकरणात चित्र आधी आणि उचलेगिरी नंतर, म्हणून दंदेरा मला या साऱ्या मालिकेचा कळीचा मुक्काम वाटतो. १७९९मध्ये फ्रेंच फौजेबरोबर आलेल्या व्हिव्हाँ दनों या चित्रकाराने अंधाऱ्या खोलीत हे वर्तुळ कागदावर उतरवले, १८०२मध्ये ते छापले गेले, आणि मग युरोपात ते किती जुने यावर पंडितांचे रान उठले. काहींनी त्याचे वय इतके मागे नेले की बायबलमधली कालगणना धोक्यात आली. (प्रत्यक्षात ते क्लिओपात्राच्या काळाच्या आसपासचे, इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या मध्याचे आहे.) एवढी कीर्ती झाल्यावर मूळ वस्तू हवी असे कोणाला तरी वाटणारच. सोल्निए नावाच्या फ्रेंच संग्राहकाने लेलोरें या माणसाला पाठवले आणि १८२१मध्ये त्याने करवती, छिन्न्या आणि सुरुंगाची दारू वापरून छत कापले. पुढल्या वर्षी अठराव्या लुईने ते दीड लाख फ्रँकला विकत घेतले. लेलोरेंने सगळे छत नेले नाही. बाजूचा आकाशदेवी नूतचा भाग येथेच राहिला, आणि मूळ दगड कोठे संपतो आणि प्रतिकृती कोठे सुरू होते ती रेघ विजेरीच्या उजेडात स्पष्ट दिसते.

या मंदिराशी आपलाही एक धागा आहे. १८०१मध्ये फ्रेंचांविरुद्ध जनरल बेअर्डच्या हाताखाली हिंदुस्थानातून गेलेल्या फौजेत मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या. कुसैर बंदरात उतरून वाळवंट तुडवत ती फौज केनाला आली. त्यांतल्या शिपायांनी दंदेराच्या मूर्ती पाहून त्या आपल्याच देवांच्या मानल्या आणि हात जोडले, अशी नोंद इंग्रजांनी करून ठेवली आहे. गाईचे कान असलेली हाथोर खांबाखांबांवरून पाहते आहे, तेव्हा हे अवघड वाटत नाही.

गुरुवार, आगगाडी

दिवसभर उत्तरेकडे प्रवास. मल्लावीजवळ पूर्वेला नदीपलीकडचे उजाड कडे दिसू लागले. त्यांतच देर अल-बर्शा येथे जेहुतीहोतेप या बाराव्या राजवंशाच्या काळातल्या सुभेदाराचे थडगे आहे. त्याच्या भिंतीवर घसरगाडीवर बांधलेला महाकाय पुतळा आहे, चार रांगांत १७२ माणसे तो ओढताहेत, पुतळ्याच्या मांडीवर उभा असलेला एक जण टाळ्या वाजवून ताल धरतो आणि दुसरा गाडीपुढे पाणी ओततो. वाळू भिजली की घसरण सोपी होते, हे बेल्झोनीच्या चित्रात नाही. १८९०च्या सुमारास या चित्राची नासधूस झाली, आणि आज आपण जे पुस्तकांत पाहतो ते त्याआधी काढलेल्या नकलांच्या आधारावर.

शुक्रवार, अलेक्झांड्रिया

रामले स्थानकाच्या चौकात ट्राम, वाहने, साद झगलूल यांचा पुतळा आणि समोर समुद्र. रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळात कैरोजवळच्या प्राचीन हेलिओपोलिस नगरीहून आणलेले दोन ओबेलिस्क येथेच होते, एक उभा आणि एक पडलेला. मुहम्मद अलीने १८१९मध्ये पडलेला इंग्लंडला देऊ केला, पण तो न्यायला इंग्रजांनी १८७७पर्यंत वेळ घेतला. त्याच्याभोवती लोखंडी नळकांड्याचे जहाज बांधले गेले. बिस्केच्या उपसागरातील वादळात ते सुटले आणि वाचवायला गेलेले सहा खलाशी बुडाले. लंडनच्या सचित्र साप्ताहिकांनी या नळकांड्याची इतकी चित्रे छापली की ही एका दगडाची कथा न राहता एका बोटीची झाली. सप्टेंबर १८७८मध्ये टेम्सकाठी स्तंभ उभा करताना त्याच्या पायात काळाच्या खुणा म्हणून नाणी, वर्तमानपत्रे, सुंदर स्त्रियांची छायाचित्रे आणि इतर बरेच काही पुरले गेले. त्यात हिंदुस्थानचा एक रुपयाही आहे.

उभा स्तंभ हेन्री गॉरिंज या अमेरिकन नौदलाच्या अधिकाऱ्याने १८७९मध्ये उतरवला. शहरात विरोध होताच त्याने स्तंभावर अमेरिकेचा झेंडा लावून काम चालू ठेवले, आणि जहाजाच्या पोटाला भगदाड पाडून स्तंभ आत घेतला. त्याच्या १८८२च्या ग्रंथात हाताने काढलेल्या आकृत्यांबरोबर छायाचित्रेही आहेत. कॅमेऱ्याला माणसे गाळता येत नाहीत, त्यामुळे कामाभोवती जमलेले बघे येथे प्रथमच बेल्झोनीच्या रांगेपेक्षा वेगळे, आपापल्या चेहऱ्यांनिशी दिसतात. कोणी कंटाळलेला आहे, कोणी कॅमेऱ्याकडेच पाहतो आहे.

लुक्सरला निदान चौथरा तरी होता, म्हणून आम्ही येथेही तो शोधत चौकाला फेऱ्या मारल्या. मग गॉरिंजच्या पुस्तकातले पुढचे पान उघडले. स्तंभ गेल्यावर त्याने खालचा सुमारे पन्नास टनांचा चौथरा आणि पायऱ्यांचे दगडही उचलले. ते सगळे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये स्तंभाखाली आहेत.